'शुद्ध' पाणी : प्रयोगशाळेची कसोटी आणि भारतीय भाषांची परिभाषा

१. प्रास्ताविक

तौलनिक साहित्याच्या अभ्यासात शब्दांच्या स्थलांतराचा विचार बहुधा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत होणाऱ्या प्रवासापुरता मर्यादित राहतो. एकाच भाषेत, एकाच काळात, एका ज्ञानशाखेतून दुसऱ्या ज्ञानशाखेत जाताना शब्दाचा अर्थ किती पालटतो, याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. 'शुद्ध' हे विशेषण या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. शुद्ध मराठी, शुद्ध तूप, शुद्ध भाव, शुद्ध स्वर, शुद्ध पक्ष या सर्व प्रयोगांत तो एकच शब्द असला, तरी प्रत्येक ठिकाणी त्याची कसोटी निराळी आहे. ही कसोटी सर्वांत काटेकोरपणे ठरवली गेली ती प्रयोगशाळेत, आणि तीही पाण्याच्या संदर्भात. प्रयोगशाळेसाठी पाणी शुद्ध करणे म्हणजे नेमके काय, ही शुद्धता कशी मोजतात, तिच्यासाठी भारतीय भाषांनी कोणते शब्द स्वीकारले आणि भारतीय समाजात पाण्याला लागू असलेल्या जुन्या शुद्धिकल्पनेशी तिचे नाते काय, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. पाण्यात पाण्याखेरीज काय असते?

पाणी हा उत्कृष्ट विद्रावक आहे, आणि त्याच्या शुद्धीची सारी अडचण याच गुणात आहे. ज्याला ज्याला ते स्पर्श करते, त्याचा थोडाबहुत अंश ते स्वतःत सामावून घेते. नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड, सल्फेट इत्यादींचे आयन असतात; वनस्पतींच्या कुजण्यातून आलेली सेंद्रिय द्रव्ये असतात; माती, गंज यांचे सूक्ष्म कण असतात; जीवाणू आणि त्यांच्या पेशीभित्तिकांपासून सुटलेली विषद्रव्ये असतात; शिवाय विरघळलेले वायू असतात. पिण्याच्या दृष्टीने यांपैकी काही घटक निरुपद्रवी, तर काही हितकारकही ठरतात. प्रयोगशाळेत मात्र हे सर्व 'अशुद्धी'च्या एकाच सदरात येतात.

तथापि येथेही एक भेद महत्त्वाचा आहे. धातूंचे अत्यल्प अंश मोजणाऱ्या रसायनज्ञाला आयन नकोसे असतात. द्रव वर्णलेखनाच्या साहाय्याने औषधांचे पृथक्करण करणाऱ्याला सेंद्रिय द्रव्यांची धास्ती असते. पेशीसंवर्धन करणाऱ्याला जीवाणूजन्य विषद्रव्यांचे भय असते. आणि ज्याला केवळ काचेची उपकरणे विसळायची आहेत, त्याला यांपैकी बऱ्याच गोष्टी चालतात. म्हणजे प्रयोगशाळेतही 'शुद्ध' हे विशेषण निरपेक्ष नाही. 'कशासाठी शुद्ध?' या प्रश्नाखेरीज त्याला अर्थ प्राप्त होत नाही. प्रयोगशाळेच्या शुद्धिकल्पनेचे हे पहिले वैशिष्ट्य होय.

३. पात्राचा दोष : लव्हाझिए ते पॉलीवॉटर

शुद्ध पाण्याच्या इतिहासात वारंवार आढळणारी एक गोष्ट अशी, की दोष पाण्याचा समजला जातो आणि तो निघतो पात्राचा. अठराव्या शतकात अनेक विद्वानांची अशी समजूत होती, की पाण्याचे मातीत रूपांतर होऊ शकते. ऊर्ध्वपातित पाणी काचेच्या भांड्यात दीर्घकाळ उकळले, की तळाशी मातीसारखा साका उरतो, हा तिला आधार होता. फ्रेंच रसायनज्ञ आंत्वान लव्हाझिए याने १७६८-६९ मध्ये 'पेलिकन' नावाच्या बंद काचपात्रात १०१ दिवस पाणी तापवत ठेवले. या पात्रात वर गेलेली वाफ थंड होऊन पुन्हा तळाशी येते. प्रयोगाच्या आधी व नंतर त्याने पात्र आणि पाणी यांची काळजीपूर्वक वजने केली. एकूण वजनात फरक पडला नव्हता. मात्र रिकाम्या पात्राचे वजन घटले होते, आणि ती घट मिळालेल्या साक्याच्या वजनाशी जवळपास जुळत होती. 'माती' पाण्यातून उपजलेली नव्हती. ती काचेतून झिरपली होती.

या धड्याची पुनरावृत्ती जवळजवळ दोनशे वर्षांनी झाली. १९६२ मध्ये सोव्हिएत संघातील कोस्त्रोमा येथील संशोधक निकोलाय फेद्याकिन याने अतिसूक्ष्म क्वार्ट्‌झ नलिकांत वाफ थंड करून एक दाट, चिकट द्रव मिळवला. मॉस्कोचे विख्यात शास्त्रज्ञ बोरिस देर्यागिन यांनी हे संशोधन पुढे नेले. १९६९ मध्ये अमेरिकन संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात या द्रवाला 'पॉलीवॉटर' हे नाव दिले; पाण्याचे रेणू साखळीने जोडले जाऊन बनलेले हे पाण्याचे नवे रूप आहे, असा त्यांचा दावा होता. हे रूप सर्व पाण्यात पसरले तर पृथ्वीवरील जीवन संपेल, अशी भीतीही त्याच वर्षी 'नेचर'मध्ये व्यक्त झाली. साहित्याच्या अभ्यासकाला येथे कर्ट व्हॉनेगट यांच्या १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या 'कॅट्‌स क्रेडल' या कादंबरीची आठवण होणे स्वाभाविक आहे. तिच्यातील 'आइस-नाइन' हे पाण्याचे काल्पनिक रूप स्पर्शमात्रे साऱ्या पाण्याला गोठवते. कादंबरी आधीची आणि वैज्ञानिक भीती नंतरची, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

पॉलीवॉटरचा शेवट मात्र कादंबरीइतका भव्य झाला नाही. अमेरिकन संशोधक डेनिस रूसो यांनी स्वतःच्या घामाचा अवरक्त वर्णपट घेतला, तेव्हा तो पॉलीवॉटरच्या वर्णपटाशी विलक्षण मिळताजुळता निघाला. क्वार्ट्‌झमधून आलेला सिलिकेचा अंश आणि मानवी हाताळणीतून आलेले क्षार व सेंद्रिय द्रव्ये यांनीच हा चमत्कार घडवला होता. १९७३ मध्ये देर्यागिन यांनीही ते मान्य केले. पाण्याचे नवे रूप म्हणून जे गाजले, ते अशुद्ध पाणी होते. आणि त्या अशुद्धीत संशोधकांच्या हाताचाही वाटा होता. या शेवटच्या तपशिलाकडे लेखाच्या उत्तरार्धात पुन्हा वळावे लागेल.

४. शुद्धी करण्याच्या रीती आणि शुद्धता मोजण्याचे माप

पाणी उकळून, वाफ थंड करून पुन्हा द्रवरूपात मिळवणे ही सर्वांत जुनी रीत. तिने क्षार मागे राहतात; परंतु पाण्याबरोबर बाष्परूप होणारी सेंद्रिय द्रव्ये पलीकडे जाऊ शकतात, आणि इंधन बरेच लागते. विसाव्या शतकात तिला दोन समर्थ पर्याय मिळाले. १९३५ मध्ये ब्रिटिश संशोधक ॲडम्स आणि होम्स यांनी कृत्रिम रेझिनांचा आयन-विनिमयासाठी उपयोग करता येतो, हे दाखवून दिले. रेझिनाच्या दाण्यांवरून पाणी वाहू दिले, की धन आयनांच्या जागी हायड्रोजन आयन आणि ऋण आयनांच्या जागी हायड्रॉक्सिल आयन पाण्यात येतात. त्या दोहोंच्या संयोगातून पुन्हा पाणीच तयार होते. दुसरा पर्याय पटलाचा. १९५९-६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत सिडनी लोब आणि भारतीय वंशाचे श्रीनिवास सौरीराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचे असे पटल सिद्ध केले, की दाबाखाली पाणी त्यातून वाहते आणि क्षारांचा बहुतांश अलीकडेच अडतो. घरोघरच्या 'आरओ'चे मूळ या शोधात आहे.

आजच्या प्रयोगशाळेत या रीती एकामागोमाग एक योजल्या जातात. कोळशाच्या गाळणीने क्लोरीन काढणे, पटलातून दाबणे, रेझिनावरून नेणे, १८५ आणि २५४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जंबुपार किरणांनी सेंद्रिय द्रव्यांचे विघटन व जीवाणूंचा नाश करणे, आणि अखेरीस ०.२ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून पाणी घेणे, असा हा क्रम असतो.

शुद्धता मोजण्यासाठी मुख्यतः विजेचा आधार घेतात. पाण्यात आयन जितके कमी, तितका त्यातून वीजप्रवाह कमी वाहतो. १८९४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिख कोलराउश आणि हाइडवायलर यांनी निर्वातात ऊर्ध्वपातन करून त्या काळी अभूतपूर्व शुद्धतेचे पाणी मिळवले आणि त्याची विद्युत् संवाहकता मोजली. ती अत्यल्प होती, पण शून्य नव्हती. कारण पाण्याचे काही रेणू स्वतःच विघटित होऊन आयन बनतात. २५ अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे एक मोलचा कोट्यंश इतके. त्यामुळे या तापमानाला पाण्याची संवाहकता ०.०५५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमीच्या खाली जाऊ शकत नाही. रोधकतेच्या भाषेत ही सीमा १८.२ मेगओहम-सेंमी होते. ही संख्या आज प्रयोगशाळेच्या प्रत्येक जलशुद्धी-यंत्राच्या पडद्यावर शुद्धतेची परमावधी म्हणून झळकते. तिचा तात्त्विक अर्थ असा, की सर्व परकीय द्रव्ये काढून टाकली तरी पाण्याचे स्वतःचे विघटन उरतेच. निर्भेळ, अखंड असे पाणी अस्तित्वातच नाही.

शुद्धतेच्या पायऱ्याही ठरवलेल्या आहेत. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आय.एस.ओ. ३६९६ या आंतरराष्ट्रीय मानकात तीन दर्जे सांगितले असून त्यांची संवाहकता अनुक्रमे ०.१, १ आणि ५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी यांहून अधिक असता कामा नये. भारतीय मानक ब्यूरोचे आय.एस. १०७० हे मानक याच विषयावरचे आहे. या मानकातील दोन गोष्टी साहित्याच्या अभ्यासकालाही उद्बोधक वाटाव्यात. एक, पहिल्या दोन दर्जांच्या पाण्यासाठी सामूची मर्यादा दिलेलीच नाही. कारण इतक्या शुद्ध पाण्याचा सामू विश्वासार्हपणे मोजणेच कठीण असते. दोन, पहिल्या दर्जाचे पाणी साठवून ठेवू नये, लागेल तेव्हाच तयार करावे, असा संकेत आहे. उघड्या भांड्यात ठेवलेले अतिशुद्ध पाणी हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषते. त्याचा सामू ७ वरून ५.६ च्या आसपास उतरतो आणि संवाहकता सुमारे १ मायक्रोसीमेन्सपर्यंत चढते. शुद्धता ही येथे स्थिती नसून क्षण आहे.

५. परिभाषेचा गुंता

आता शब्दांकडे वळू. इंग्रजीतील 'डिस्टिलेशन' या संज्ञेसाठी मराठी पाठ्यपुस्तकांत 'ऊर्ध्वपातन' हा शब्द रूढ आहे, आणि 'सब्लिमेशन'साठी 'संप्लवन'. हिंदीत मात्र 'डिस्टिलेशन'साठी 'आसवन' आहे आणि 'ऊर्ध्वपातन' हा शब्द 'सब्लिमेशन'साठी योजला जातो. बंगालीत 'डिस्टिलेशन' म्हणजे 'पातन' आणि 'सब्लिमेशन' म्हणजे 'ऊर्ध्वपातन'. गुजरातीतही 'ऊर्ध्वपातन' 'सब्लिमेशन'साठीच आहे. 'डिस्टिलेशन'ला तेथे 'निस्यंदन' म्हणतात. म्हणजे एकच संस्कृत शब्द चार भाषांत असून मराठी त्यांत एकाकी पडली आहे. हिंदीतील 'ऊर्ध्वपातन' मराठी अनुवादात जसाच्या तसा उतरवला, तर घन पदार्थाचे थेट वायूत होणारे रूपांतर वाचकाला द्रवाचे उकळणे वाटेल. आणि उलट दिशेनेही तोच घोटाळा होईल. दोन्ही भाषांत शब्द ओळखीचा असल्यामुळे ही चूक अनुवादकाच्या लक्षातही येणार नाही. परक्या शब्दापेक्षा अर्धपरिचित शब्द अधिक फसवा असतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

या भेदाचे मूळ रसशास्त्रात शोधता येते. पाऱ्याच्या संस्कारांत पातनाचे ऊर्ध्वपातन, अधःपातन आणि तिर्यक्पातन असे तीन प्रकार सांगितले आहेत. ऊर्ध्वपातनात तापवलेले द्रव्य वरच्या पात्राच्या आतल्या बाजूस जमते. तिर्यक्पातनात वाफ तिरप्या नळीतून दुसऱ्या, थंड केलेल्या पात्रात नेली जाते. 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात वर्णिलेले तिर्यक्पातन यंत्र आधुनिक ऊर्ध्वपातन यंत्राच्या सर्वांत जवळचे आहे, आणि प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ व १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासा'मुळे अशा यंत्रांकडे आधुनिक वाचकांचे लक्ष गेले. या दृष्टीने पाहता हिंदी, बंगाली व गुजराती यांचा 'ऊर्ध्वपातन' मूळ क्रियेशी अधिक जुळतो. पण मराठी शब्द चूक ठरवणे हा त्यावरील उपाय नव्हे. तो पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला आहे आणि रूढीने त्याला अधिकार दिला आहे. उपाय हा, की अनुवादकाने शब्दामागची क्रिया ओळखावी.

इतर भाषांनी निराळ्या वाटा धरल्या. हिंदीतील 'आसुत' जल 'आसव' या शब्दाशी, म्हणजे मद्यनिर्मितीशी, नाते सांगते. उर्दूतील 'मुक़त्तर' क़तऱ्यापासून, थेंबापासून, आला आहे. तमिळमधील 'काय्च्चि वडित्तल्' आणि कन्नडमधील 'बट्टी इळिसु' हे प्रयोग स्वयंपाकघर आणि भट्टी यांच्या जवळचे आहेत. तेथे उकळणे, निथळणे, उतरवणे या रोजच्या क्रियाच संज्ञा झाल्या. मराठीलाही असा देशी पर्याय होता. पाणी फडक्यातून 'गाळतात' आणि दारूही भट्टीवर 'गाळतात'. बोलीने गाळणी आणि ऊर्ध्वपातन यांना एकच क्रियापद दिले आहे. १९६० मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्राचे भाषा संचालनालय आणि १९६१ मध्ये स्थापन झालेला केंद्राचा वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोग यांच्या काळात पारिभाषिक शब्दांचा ओघ संस्कृतकडे वळलेला राहिला. व्यवहारात मात्र गॅरेजमधला कारागीर बॅटरीसाठी 'डिस्टिल वॉटर'च मागतो.

दोन शब्द येथे खास नोंदवण्याजोगे आहेत. मराठी परिभाषेत 'ऑस्मॉसिस'साठी 'परासरण' याबरोबर 'तर्षण' हाही शब्द आढळतो. 'तर्ष' म्हणजे तहान. विरल द्रावणातले पाणी पटलातून संहत द्रावणाकडे जाते, या क्रियेत शब्दकर्त्याला त्या द्रावणाची तहान दिसली. लोब-सौरीराजन पटलात दाबाने पाणी याच्या उलट दिशेला नेले जाते. म्हणजे ही तहानेच्या विरुद्ध चाललेली क्रिया होय. दुसरा शब्द 'सब्लिमेशन'. युरोपीय भाषांत फ्रॉइडची मानसशास्त्रीय संज्ञा आणि रसायनाच्या भट्टीतली संज्ञा एकच आहे. वासनेचे कलेत रूपांतर होणे हे रूपक प्रयोगशाळेतून आले, हे तेथे शब्दच सांगतो. मराठीत रसायनात 'संप्लवन' आणि मनोविश्लेषणात 'उदात्तीकरण' असे दोन शब्द झाल्याने हे रूपक तुटले. मराठी समीक्षेत 'उदात्तीकरण' ही संज्ञा वापरताना तिचे भट्टीशी असलेले नाते सहसा कोणाला आठवत नाही.

६. दोन शुद्धी

पाण्याची परीक्षा भारतीय परंपरेला नवी नाही. सुश्रुतसंहितेत आकाशातून पडणाऱ्या पाण्याचे 'गांग' आणि 'सामुद्र' असे भेद करून त्यांची परीक्षा सांगितली आहे : शिजवलेल्या साळीच्या भाताचा गोळा चांदीच्या पात्रात मुहूर्तभर पावसात ठेवावा, तो बिघडला नाही व त्याचा रंग पालटला नाही, तर पाणी गांग समजावे. गढूळ पाणी निवळण्यासाठी निर्मळीचे बी, वस्त्र, मोती इत्यादी सात साधनेही तेथे दिली आहेत. ही परीक्षा आधुनिक रसायनाची पूर्वसूचना होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि तीत एक गोष्ट निश्चित आहे : ती पाण्याचीच परीक्षा आहे, पाणी आणणाऱ्याची नव्हे.

ज्या शुद्धीने भारतीय समाजाचे जीवन व्यापले, ती मात्र दुसरी होती. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानल्या गेलेल्या हजारो लोकांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने त्यापूर्वीच केलेला होता. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध व दही यांनी युक्त अशा १०८ घागरींच्या साहाय्याने मंत्रोच्चारात तळ्याची 'शुद्धी' केली. तळ्यावरील हक्काचा वाद न्यायालयात गेला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्याचा निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

प्रयोगशाळेच्या मापाने या विधीकडे पाहिले तर काय दिसते? आयन, सेंद्रिय द्रव्ये, अविद्राव्य कण आणि जीवाणू, अशा अशुद्धीच्या चार प्रमुख वर्गांची एकत्रित भर त्या तळ्यात 'शुद्धी'च्या नावाने घालण्यात आली. याउलट माणसाच्या ओंजळीने पाणी विटाळले, हा आरोप कोणत्याही संवाहकतामापकाने सिद्ध होण्याजोगा नव्हता. एकच शब्द, एकच पाणी. पण एक शुद्धी द्रव्याविषयी बोलत होती आणि दुसरी संबंधांविषयी. विधी करणाऱ्यांचे पाण्यातल्या द्रव्यांविषयी अज्ञान होते, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. त्यांची कसोटी पाण्याची नव्हतीच. ती माणसांची होती. आंबेडकरांनीही महाडचा लढा पाण्याच्या गुणासाठी नसून समतेसाठी आहे, हे त्याच वर्षीच्या डिसेंबरातील परिषदेत स्पष्ट केले होते.

येथे पॉलीवॉटरच्या प्रकरणाचे स्मरण होते. प्रयोगशाळाही मानवी स्पर्शाला अशुद्धी मानते; रूसो यांच्या घामाने ते सिद्धच केले. म्हणूनच संशोधक हातमोजे घालतो. परंतु हा स्पर्शदोष सर्व हातांना सारखाच लागू आहे. त्यात सोडियम, क्लोराइड आणि लॅक्टेट मोजले जातात. हात कोणाचा, हे विचारले जात नाही. दोन शुद्धींमधला निर्णायक भेद हाच आहे.

७. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, प्रयोगशाळेची शुद्धता सापेक्ष, श्रेणीबद्ध आणि क्षणिक आहे. तिला उद्दिष्ट लागते, माप लागते आणि मर्यादाही मान्य करावी लागते. कर्मकांडाची शुद्धता मात्र निरपेक्ष असल्याचा दावा करते आणि मापाला नकार देते. दुसरा, भारतीय भाषांतील वैज्ञानिक परिभाषा समान संस्कृत शब्दांवर उभी असली तरी अर्थाने समान नाही; 'ऊर्ध्वपातन' हे त्याचे उदाहरण. तिसरा, या परिभाषेने 'शुद्ध' हा शब्द जसाच्या तसा उचलल्यामुळे त्याच्या मागची सामाजिक छाया विज्ञानाच्या पुस्तकातही सोबत आली आहे, आणि विज्ञानाची प्रतिष्ठाही उलट दिशेने कर्मकांडाकडे वळवता येऊ लागली आहे. म्हणून दलित आत्मकथनांतील पाणवठ्यांचे प्रसंग अन्य भाषांत नेणाऱ्या अनुवादकाने 'शुद्ध' या शब्दापाशी थांबून विचारणे अगत्याचे आहे : येथे पाण्याविषयी बोलले जात आहे, की पाणी पिणाऱ्याविषयी?